डबे शिवणाऱ्या बाई

कपडे शिवणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. डबे शिवणाऱ्या बाई मात्र एकच.

लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झाले, त्याच आठवड्यातली गोष्ट. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी मला मोजपट्टी आणायला शिवणाच्या खोलीत पाठवलं. दार अर्धवट उघडं होतं. खिडकीशी पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. समोर जळती मेणबत्ती, हातात जाड दाभण आणि मांडीवर फिकट निळा प्लॅस्टिकचा डबा. डब्याला काठापासून बुडापर्यंत तडा गेला होता. बाई दाभण मेणबत्तीवर तापवायच्या आणि तड्याच्या कडेला टेकवायच्या. चर्र आवाज व्हायचा, धुराची बारीक रेघ वर जायची आणि भोक पडायचं. मग त्याच्या शेजारी दुसरं. दोन्ही बाजूंनी अशी भोकं पाडून झाल्यावर त्यांनी सुईत निळा दोरा ओवला आणि उसवलेली चोळी शिवावी तसा तो डबा शिवायला घेतला.

मी बघतच राहिले.

"मोजपट्टी खुंटीला आहे," वर न बघता त्या म्हणाल्या. "आणि दार लावून घ्या. वाऱ्यानं ज्योत हलते, मग भोक मोठं पडतं."

"बाई, त्यापेक्षा नवा डबा नाही का घेता येणार?" मी आपलं विचारलं.

"येईल तेव्हा येईल. तोवर ह्यातलं सामान कोण धरून बसणार? तुम्ही?"

मी मोजपट्टी घेतली आणि दार लावून निघाले. शिक्षकांच्या खोलीत हे सांगितलं तर कुणालाच नवल वाटलं नाही. गणिताच्या बाई म्हणाल्या, "डबाच शिवत होत्या ना? मग आज बऱ्या आहेत. परवा एका झाकणाला पावडर लावत होत्या."

हे डबे शाळेत आले कसे, तेही सांगायला हवं. लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने ढग वर्गात येऊन बसतात. मिठाला पाणी सुटतं, काडी पेटत नाही. पूर्वी मुलींचं शिवण-भरतकाम पत्र्याच्या पेट्यांत ठेवत. पांढऱ्या कापडावर गंजाचे तांबडे डाग पडायचे. पुठ्ठ्याची खोकी आणली तर त्यांना बुरशी यायची. मुली रडायच्या आणि बाई डाग काढत बसायच्या. मग एका उन्हाळ्यात मळवलीहून एक रखवालदार पोतं खांद्यावर टाकून शाळेत आला. तो मुंबईच्या लोकांचा बंगला सांभाळायचा आणि त्याची मुलगी इंदू आमच्याच शाळेत होती. बंगल्याचे मालक सुट्टीला येताना नव्या तऱ्हेचे प्लॅस्टिकचे डबे आणत आणि जाताना तिथंच टाकून जात.

"बाई, ह्ये गंजत न्हाई," त्यानं पोतं उघडत सांगितलं होतं. "ह्येला बुरशी धरत न्हाई. कवाच खराब व्हायचं न्हाई."

बाई त्या दिवशी जेवायच्या विसरल्या म्हणे. पुढं मग प्रत्येक मुलीला एक डबा मिळाला. झाकणाच्या आत चिठ्ठी, चिठ्ठीवर पेन्सिलीनं नाव. शाई दमट हवेत पसरते, म्हणून पेन्सिल.

रखवालदाराचा शब्द काही खरा ठरला नाही. मी आले तोवर दहाएक वर्षं झाली होती आणि डबे म्हातारे झाले होते. काही पिवळे पडले होते. काहींना झाकण उघडताना कुरकुरायची सवय लागली होती. काहींच्या अंगाला चिकट घाम सुटायचा, हात लावला की बोटाचा ठसा उमटे. बाईंनी त्यांच्यासाठी एक वेगळी फळी केली होती. तिला त्या 'दवाखाना' म्हणत. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी येऊन त्या सगळी झाकणं उघडत, प्रत्येक डबा नाकाशी धरून वास घेत आणि कापराचा उग्र वास आला की तो डबा दवाखान्यात हलवत. डबे उन्हात ठेवायचे नाहीत. रबरबँड लावायचा नाही, कारण रबर विरघळून प्लॅस्टिकला चिकटतं. बांधायचं ते नाडीनंच. असे त्यांचे नियम होते आणि पाचवीपासून अकरावीपर्यंतच्या मुलींना ते पाढ्यांसारखे पाठ होते.

स्वतः बाई रेल्वे लायनीपलीकडे एका खोलीत एकट्या राहात. त्यांच्याविषयी फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. लग्न झालं होतं, एवढं कळलं होतं. पुढचं विचारायची कुणाची छाती नव्हती. ब्लाउजच्या खांद्यावर पाच-सहा सुया ओवलेल्या असत, प्रत्येकीत वेगळ्या रंगाचा दोरा. रस्त्यात कुणाच्या झग्याचं बटण लोंबताना दिसलं की त्या मुलीला भिंतीशी उभं करून तिथल्या तिथं टाचून देत. एकदा स्टेशनावर त्यांनी तिकीट तपासनिसाच्या कोटाचं बटण असंच टाचलं. गाडी सुटायला आली होती. तो बिचारा हात वर करून उभा आणि बाई म्हणतायत, "हलू नका, टोचेल."

घरी मात्र त्यांच्याकडे प्लॅस्टिकची एकही वस्तू नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "शाळेतल्यांचंच करून पुरे होतं."

मी विज्ञानाची, म्हणून माझ्याशी त्यांची लवकर गट्टी जमली. एक दिवस घामट डबा माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारलं, "ह्याला काय होतंय?"

मी सांगितलं, "प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं काही मिसळतात. वर्षं गेली की ते बाहेर येतं."

"परत आत घालता येतं?"

"नाही."

"मग पावडर लावली ती चांगली की वाईट?"

ह्याचं उत्तर माझ्या पदवीच्या पुस्तकांत नव्हतं. मी म्हटलं, "चिकटणार तरी नाही."

"तेच तर," असं म्हणून त्या समाधानानं उठल्या. पुढं महिनाभर त्या सगळ्यांना सांगत होत्या की विज्ञानाच्या बाईंनीही पावडर लावायला सांगितली आहे.

आता माझ्याकडून काय झालं ते सांगते.

शाळेत प्रयोगशाळा नव्हती. मी वर्गातल्या टेबलावर एक चंचुपात्र ठेवून प्रयोग दाखवायची आणि मागच्या मुली मान उंच करून बघायच्या. मला खोली हवी होती. सगळ्यात मोठी, उजेडाची आणि नळाजवळची खोली शिवणाची. मी मोठ्या बाईंकडे लेखी अर्ज दिला. त्याच सुमारास तपासणीला आलेल्या साहेबांनी शिवणाच्या खोलीत डोकावून, चिकट डब्याला हात लावून नाक मुरडलं होतं. त्यामुळे माझं काम सोपं झालं. मोठ्या बाईंनी शिवणाच्या बाईंना बोलावून सांगितलं, की दिवाळीच्या सुट्टीनंतर खोली रिकामी करा. डबे टाकून द्या, शिवणाचे तास पाचवीच्या वर्गात घ्या.

बाई वाद घालतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "डब्यांत ज्यांचं सामान आहे त्यांना ते पोचवायला वेळ द्याल ना?"

त्या संध्याकाळी मी मदतीला म्हणून खोलीत गेले. दवाखान्याच्या फळीवरचे डबे उघडले. मला वाटलं होतं, रिकामी रिळं असतील, चिंध्या असतील. प्रत्येक डब्यात एकेक अर्धवट काम निघालं. कुठं एक बाही लावलेलं झबलं. कुठं तीनच पाकळ्या भरलेलं फूल, सुई अजून कापडात टोचलेली. झाकणाच्या आतल्या चिठ्ठ्यांवर अशी नावं, जी माझ्या हजेरीपटावर नव्हती.

"ह्या कोण?" मी विचारलं.

"मधेच गेल्या त्या," बाई म्हणाल्या. "कुणाचं लग्न झालं, कुणाची आई गेली म्हणून घरी बसली. डबा घेऊन जा म्हणावं, तर जाताना भेटतच नाहीत कुणी. एक दिवस येत नाहीत, दुसऱ्या दिवशी येत नाहीत. मग कळतं."

"आणि तुम्ही तेव्हापासून हे सांभाळताय?"

"दुसऱ्याचं काम आहे. उसवायचा मला अधिकार नाही, पुरं करायचाही नाही."

सुट्टीत रोज सकाळी त्या दोन पिशव्यांत डबे भरून निघायच्या. मी पुण्याला घरी जाणार होते, ती गेले नाही. कामशेत, वडगाव, तळेगाव, आम्ही एकेका स्टेशनावर उतरून पत्ते काढत हिंडलो. काही मुली भेटल्या. एक तर डबा बघून लाजली आणि नवऱ्याला म्हणाली, "ह्ये माजं हाय." एक मुलगी दोन वर्षांपूर्वीच वारली होती. तिच्या आईनं झबलं उराशी धरलं आणि आम्हाला उंबऱ्यातच बसवून घेतलं. 

शेवटचा राहिला होता इंदूचा डबा, त्याच रखवालदाराच्या मुलीचा. नववीत असताना तिचं लग्न झालं होतं. मळवलीला तिच्या आईनं सांगितलं, "शिरगावला दिलीया तिला." म्हणून एका रविवारी आम्ही देहूरोडला उतरलो आणि लष्कराच्या लांबलचक भिंतीच्या कडेनं, मग शेतांतून, पायी निघालो. वाटेत सगळीकडे भाताची कापणी चालली होती.

घरापुढच्या खळ्यावर एक बाई भात पाखडत होती. उंच, काळीसावळी, कपाळाला मोठं कुंकू. तिनं सूप थांबवलं नाही.

"कोन पायजे?"

"इंदू इथंच राहते ना? आम्ही तिच्या शाळेतल्या बाई."

"सून हाय माजी. शाळा कवाच सुटली तिची. आता काय राह्यलं तितं?"

"तिची एक वस्तू राहिली होती. द्यायला आलोय."

तेवढ्यात आतून मूल कडेवर घेऊन इंदू आली. एकवीस-बावीस वर्षांची असेल. बाईंना बघून तिनं आधी पदर सावरला, मग मुलाला खाली ठेवलं आणि मग दोन्ही हात तोंडावर नेले.

"बाई! तुमी? हितं?"

बाईंनी डबा पुढं केला. इंदूनं हात लुगड्याला पुसले आणि झाकण उघडलं. आत घडी घातलेला टेबलावरचा रुमाल होता. बाई मुलींना गुलाबाची फुलं काढून द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "रोज बघतेस ते काढ." इंदू रोज मळवलीहून गाडीनं शाळेत यायची. तिनं रुमालावर गाडी काढली होती. डोक्यावर कमान असलेलं विजेचं इंजिन, निळं आणि पिवळं, टाके इतके बारीक की चितारल्यासारखे. त्याच्या मागं नुसत्या पेन्सिलीच्या रेघा होत्या.

तिनं इंजिनावरून बोट फिरवलं. "डबे राह्यले," ती म्हणाली आणि हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता घरीच पुरे कर," बाई म्हणाल्या. "दोरे आतच आहेत."

इंदूनं रुमाल जशाच्या तशा घडीवर दुमडला, डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा बाईंच्या हातात परत दिला.

"हितं नगं, बाई. हितं पोरगं वढंल, न्हायतर चुलीचं काळं लागंल. आन् मला येळ घावायचा न्हाई. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

"अगं, पण माझ्याकडे आता..."

"तितं माजं नाव हाय नव्हं चिठ्ठीवर? भात लावताना मला ध्यानात येतं. शाळंत माजा डबा हाय म्हनून. बरं वाटतं."

 सासूचं सूप थांबलं होतं. ती जवळ आली आणि म्हणाली, "काय हाय त्यात? बघू."

बाईंनी पुन्हा झाकण काढून रुमाल तिच्यापुढे धरला. तिनं हात लावला नाही, भाताची धूळ होती हाताला. वाकून खूप वेळ बघितलं.

"ही गाडी तू क्येली?"

"व्हय, आत्याबाई."

"कवा?"

"शाळंत असताना."

सासूनं सुनेकडं असं बघितलं, जणू आत्ताच कुणी नवीन माणूस खळ्यावर आलं होतं. मग ती आत गेली, आम्हाला गूळ-पाणी दिलं, आणि निघताना नव्या आंबेमोहोराची पुरचुंडी बाईंच्या पिशवीत घातली. 

परतीच्या गाडीला वेळ होता. देहूरोडच्या फलाटावर बाकावर आम्ही बसलो. बाईंच्या मांडीवर इंदूचा डबा.

"आता हा कुठं ठेवू?" त्या म्हणाल्या. मला विचारत नव्हत्या, पण मला राहवलं नाही.

"बाई, तुमची खोली मी मागितली. अर्ज माझा होता."

"ठाऊक आहे. मोठ्या बाईंनी दाखवला मला. तुमचं अक्षर ओळखते मी."

"मग इतके दिवस मला बरोबर घेऊन हिंडलात, आणि बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? मुलींना प्रयोग करायला जागा हवी, ते खरंच आहे. मान उंच करून बघतात, मी बघते ना खिडकीतून." त्यांनी मांडीवरचा डबा सरळ केला. "फक्त अर्जात 'अडगळ' असं लिहिलंत. तेवढा शब्द नको होता."

 गाडी आली, आम्ही चढलो. लोणावळा येईपर्यंत मला त्यांच्याकडे बघवेना.

शाळा उघडली त्या दिवशी मी मोठ्या बाईंकडे दुसरा अर्ज घेऊन गेले. लिहिलं, की खोलीच्या नळाकडच्या दोन भिंती प्रयोगशाळेला द्याव्यात आणि खिडकीकडच्या दोन शिवणाला ठेवाव्यात. शनिवारी शाळा अर्धा दिवस असते, तेव्हा दुपारी शिक्षण सोडून गेलेल्या मुलींना येऊन काम पुरं करू द्यावं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला.

"आधी मागता, मग अर्धी परत करता. तुम्हाला नक्की काय हवंय?"

"दोन्ही," मी म्हटलं.

त्यांनी सही केली. मनातून त्यांनाही बाईंना दुखवायचं नव्हतं, असं मला अजून वाटतं. पुढं कितीतरी वर्षं त्या खोलीत एका बाजूला परीक्षानळ्या आणि दुसऱ्या बाजूला डबे असे नांदले. बाईंची अट एकच होती, आम्लाच्या बाटल्या त्यांच्या फळीपासून लांब हव्यात. त्या अंतर स्वतःच्या वितीनं मोजून गेल्या. निवृत्त झाल्यावर त्या साताऱ्याकडे भाचीकडे गेल्या आणि तिथून पत्रं पाठवत. पत्रात माझी चौकशी दोन ओळी आणि डब्यांची पानभर. कुठल्या डब्याचं झाकण आता बसत नाही, कुठल्याला नवी नाडी लावली, सगळं मला कळवावं लागे. मी कळवत असे. शेवटी शेवटी पुष्कळसे डबे हातात घेतले की तुकडे होत, पण ते मी कधी लिहिलं नाही. माझ्या वर्षानुवर्षांच्या नोकरीत मी एवढंच खोटं बोलले.

एक शनिवार मात्र सांगायचा राहिला, तो सांगते.

ती दुपारची खोली सुरू झाली, बाईंनी गावोगावच्या मुलींना कार्डं टाकली, तरी पहिले चार शनिवार कुणी फिरकलं नाही. बाई दार उघडं ठेवून, डबे पुसून, वाट बघत बसायच्या. मी पलीकडे काचसामान लावत असायची. पाचव्या शनिवारी दारात इंदू उभी. कडेवर मूल, आणि मागं तिची सासू.

"हिला म्हायेरी सोडाया आलतो मळवलीला," सासू म्हणाली. "म्हनलं, म्होरं एकच टेसन हाय."

इंदूनं मूल सासूकडे दिलं, बाकावर बसली, आणि बाईंनी पुढं ठेवलेला डबा उघडून सुई ओवली. सासू बाकावर बसेना. दाराशी जमिनीवर बसली, नातवाला मांडीवर झोपवलं आणि सुनेचा हात वर-खाली होताना बघत राहिली. तासभर गेला असेल. इंजिनाच्या मागं पहिल्या डब्याची एक खिडकी उमटली.

"बाई," सासू एकदम म्हणाली, "ह्येतला एखांदा रिकामा हाय का?"

"डबा?"

"व्हय."

"आहे की. काय ठेवायचंय त्यात?"

"आता तर काय न्हाई." तिनं नातवाच्या अंगावर पदर घातला. "हुईल म्होरं कायतरी. शिकले म्हंजी."

बाई उठल्या. फळीवरून एक डबा काढला, पदरानं आतून-बाहेरून पुसला, कागदाची चिठ्ठी फाडली आणि पेन्सिल घेतली.

"नाव सांगा."

"दगडूची आई लिवा."

"मुलाचं नाही हो. तुमचं."

 सासूनं इंदूकडं बघितलं, दाराबाहेर बघितलं. "सासरी आल्यावर येक ठिवलं हुतं. त्ये सांगू का म्हायेरचं?"

"तुम्हाला आवडेल ते."

 मग अगदी हळू, चोरून काही खावं तसं, ती म्हणाली, "गुलाब."

इंदूची सुई थांबली. "आत्याबाई, तुमचं नाव गुलाब हाय?"

"हुतं," सासू म्हणाली.

"आहे," बाई म्हणाल्या, आणि लिहिलं.